जीआरईचे शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, रूट्सवरून करायचं तर नेमकं कसं करायचं?

खैरणे_लोकल (कोपरखैरणे)

नमस्कार सगळ्यांना. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि सोबत जीआरईची, म्हणजे परदेशात मास्टर्सला लागते त्या परीक्षेची, तयारी करतेय. दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडियम. क्वांटचं, म्हणजे गणिताचं, टेन्शन नाही, व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला, अडकलेय. ठाण्याला क्लासला जाते, तिथे एक भलीमोठी वर्ड लिस्ट दिलीये ए पासून झेड पर्यंत, रोज एवढी पानं करायची आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट. टेस्टला मार्क येतात, प्रॉब्लेम नंतरचा आहे. थोडे दिवस गेले की तोच शब्द एखाद्या उताऱ्यात दिसतो, ओळखीचा वाटतो, पण अर्थ काही केल्या येत नाही. आणि लिस्ट अल्फाबेटिकल असल्यामुळे सारखे दिसणारे सगळे शब्द एकाच पानावर, म्हणजे ॲब्रोगेट, ॲबजुअर, थोडं पुढे ॲडजुअर, ॲरोगेट, मग डी मध्ये डेरोगेट. ट्रेनमध्ये घणसोलीला एक अर्थ डोक्यात असतो आणि ऐरोली येईपर्यंत तो दुसऱ्याच शब्दाला चिकटलेला असतो.

मैत्रीण म्हणाली रूट्सवरून कर, लॅटिन-ग्रीक मूळ शब्द शिक म्हणजे एकातून दहा शब्द येतात. पण मग त्या रूट्सची पण एक लिस्टच आहे, ती पण पाठच करायची, मग फरक काय पडला? आणि ज्यांचं इंग्लिश लहानपणापासून आहे त्यांना हे जमत असेल, आमच्यासारख्यांना लॅटिन कुठून माहीत असणार. कोणी खरंच या पद्धतीने केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, नुसतं ॲपचं नाव नको.


नौपाडा_मॅडम (ठाणे पश्चिम)

तू मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. ठाण्यातच ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं मी, आता निवृत्त. तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, रूट्सची लिस्ट पाठ करणं म्हणजे पण पाठांतरच. रूट कधीही एकटा शिकायचा नाही. तुला आधीपासून येत असलेला शब्द घ्यायचा आणि त्याच्या घरातले बाकीचे शब्द शोधायचे, असं उलटं जायचं.

तुझ्याच पोस्टमधले शब्द घेऊ. ॲब्रोगेट, ॲरोगेट, डेरोगेट या तिघांमध्ये 'रोग' आहे, लॅटिन रोगारे, म्हणजे विचारणं किंवा मागणं. आता तुला माहीत असलेले बघ. इंटरॉगेट माहीत आहे, पोलीस चौकशी करतात ती. सरोगसी माहीत आहे, पेपरात सारखी येते. ॲरोगंट तर आपण मराठी बोलतानाही म्हणतो. म्हणजे या घरातले तीन जण तुझ्या ओळखीचे निघाले.

आता गोष्ट ऐक. रोममध्ये कायदा करायचा तर अधिकारी सभेत लोकांना विचारायचा, हा कायदा तुम्हाला मंजूर आहे का. त्या विचारण्यालाच रोगारे. 'ॲब' म्हणजे दूर, बाजूला, तेव्हा असलेला कायदा काढून टाकणं म्हणजे ॲब्रोगेट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कलम ३७० बद्दल इंग्रजी पेपरांत रोज ॲब्रोगेशन हाच शब्द होता. 'डे' म्हणजे खाली किंवा कमी, कायद्याचा एखादा भाग कमी करणं, त्यावरून एखाद्याला कमीपणा आणणं, म्हणून डेरोगेटरी रिमार्क. 'सब' म्हणजे खालचा, बदली, एकाच्या जागी दुसऱ्याला निवडणं, तो सरोगेट. 'ॲड' म्हणजे कडे, स्वतःकडे मागून घेणं, हक्क नसताना घेणं, ते ॲरोगेट, आणि सगळं आपल्याचकडे ओढणारा तो ॲरोगंट. आणखी एक छान आहे, प्रिरॉगेटिव्ह. रोमच्या मतदानात ज्या गटाला सगळ्यांच्या आधी विचारायचे त्याला हे नाव होतं, त्यावरून आज अर्थ झाला खास अधिकार. सहा-सात शब्द आहेत पण लक्षात ठेवायची गोष्ट एकच, सभेत उभा राहून लोकांना विचारणारा माणूस.

ॲबजुअर-ॲडजुअरचं पण असंच. 'जुर' म्हणजे शपथ. ज्युरी तुला माहीत आहे. ॲबजुअर म्हणजे शपथेवर सोडून देणं, एखादं मत किंवा श्रद्धा जाहीरपणे टाकणं. ॲडजुअर म्हणजे शपथ घालून सांगणं, कळकळीने बजावणं, आपल्याकडे 'तुला माझी शपथ आहे' म्हणतात ना तेच. परजुरी म्हणजे कोर्टात शपथेवर खोटं बोलणं.

आणि एक सांगते, 'लोक्व' म्हणजे बोलणं हे घर नक्की कर, जीआरईला त्यातलं काही ना काही भेटतंच. लोक्वेशस म्हणजे बडबड्या, एलोक्वंट म्हणजे ओघवतं बोलणारा, कलोक्विअल म्हणजे बोलीतलं, सॉलिलोक्वी म्हणजे स्वगत, सर्कमलोक्यूशन म्हणजे आडवळणाने बोलणं, ग्रँडिलोक्वंट म्हणजे मोठमोठे शब्द वापरून बोलणारा. आणि व्हेंट्रिलोक्विस्ट, व्हेंटर म्हणजे पोट, पोटातून बोलणारा. रामदास पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव डोळ्यासमोर आण, हा शब्द आयुष्यात विसरणार नाहीस, आणि तो राहिला की बाकीचे 'लोक्व'वाले त्याच्या आधाराने राहतात.


धातुरूप (कळवा)

मॅडमनी फार सुंदर सांगितलंय. मी फक्त त्या शेवटच्या मुद्द्यावर लिहितो, आमच्यासारख्यांना लॅटिन कुठून माहीत असणार, यावर. लॅटिन माहीत नसू दे, पण ही पद्धत मराठी मिडियमवाल्यांच्या अंगात आहे आणि ती इंग्लिश मिडियमच्या बऱ्याच मुलांकडे नसते, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल तर तो हृ धातूचा श्लोक म्हटला असशील. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, पुढे उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. संस्कृत नसेल घेतलं तरी मराठीत कृ धातूचे किती शब्द रोज वापरतो बघ, उपकार, अपकार, विकार, आकार, प्रतिकार, अधिकार, संस्कार. यातला एकही शब्द तू लिस्टवरून पाठ केलेला नाहीस, आणि उद्या एखादा नवीन 'कार' समोर आला तर उपसर्गावरून अंदाज बांधशीलच. प्रीफिक्स म्हणजे उपसर्ग, रूट म्हणजे धातू, सफिक्स म्हणजे प्रत्यय. नावं वेगळी आहेत, काम तेच.

आता मॅडमनी एक गोष्ट पटकन सांगून टाकली ती लक्षात आली का, ॲड अधिक रोगारे आणि झालं ॲरोगेट. ड चा र कसा झाला? हा व्यंजनसंधी आहे. आपल्याकडे सत् अधिक जन सज्जन होतो, उत् अधिक लेख उल्लेख होतो, जगत् अधिक नाथ जगन्नाथ होतो, म्हणजे पुढचं व्यंजन मागच्याला आपल्यासारखं करून घेतं. लॅटिनमध्ये पण अगदी तसंच चालतं. इन अधिक लीगल इल्लीगल, इन अधिक रेग्युलर इरेग्युलर, सब अधिक रोगेट सरोगेट. म्हणून ए नंतर जिथे डबल अक्षर दिसेल, डबल सी, डबल एफ, डबल एल, डबल पी, तिथे बहुतेक वेळा आत 'ॲड' लपलेला असतो. डबल अक्षरांचं स्पेलिंग पण त्यामुळे आपोआप बरोबर येतं, हा एक जास्तीचा फायदा. मी शिकवण्या घेतो त्यात मुलांना आधी संधी समजावतो आणि मग इंग्रजी प्रीफिक्सकडे वळतो, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरतो.

आणि काही ठिकाणी तर रूट पण आपल्याला आधीच माहीत असतो. ज्ञा धातू घे, ज्ञान, अज्ञान, विज्ञान. ग्रीक-लॅटिनमधला 'ग्नो' हा त्याचाच भाऊ आहे. अग्नॉस्टिक हा शब्द टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये बनवला, अ अधिक ग्नो, आणि मराठीत आपण म्हणतो अज्ञेयवादी, अ अधिक ज्ञेय, तुकड्याला तुकडा जुळतो. कॉग्निशन, इग्नोरंट, डायग्नोसिस, सगळे याच घरातले. परिमिती आणि पेरिमीटर बघ, परि आणि पेरि. म्हणून पेरिफेरी, पेरिपॅटेटिक असे शब्द आले की परिसर, परिक्रमा आठव. पेरिपॅटेटिक म्हणजे फिरतीवर असणारा, जागोजागी जाऊन काम करणारा. मृ वरून मृत्यू, अमृत, तिकडे मॉर्टल, इम्मॉर्टल, मॉर्बंड नव्हे बरं का, मॉरिबंड, म्हणजे मरणपंथाला लागलेला. दंत आणि डेंटल, अग्नी आणि इग्नाइट हे तर सगळ्यांना माहीत असतंच.


घणसोली_से७

मस्त माहिती. मी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं की नेव्हिगेशन हा शब्द 'नवगती' वरून आलाय आणि एकूणच इंग्लिश संस्कृतमधून निघाली आहे, ते खरं आहे का? मुलाला सांगितलं तर तो म्हणतो सोर्स दाखवा.


धातुरूप (कळवा)

घणसोलीकर, मुलगा बरोबर विचारतोय. इंग्रजी संस्कृतमधून निघालेली नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजीची जुनी जर्मानिक शाखा या सगळ्या एका आणखी जुन्या भाषेच्या लेकी आहेत, जी आज कुठेच बोलली जात नाही. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी १७८६ च्या भाषणात ही एका मूळाची कल्पना मांडली आणि पुढे त्यावर अख्खं शास्त्र उभं राहिलं. नेव्हिगेशनचं म्हणाल तर अर्धं नातं खरं आहे पण वेगळ्या बाजूने. लॅटिन नाविस म्हणजे जहाज, ते आपल्या नौ, नौका, नाविक यांचं भावंड आहे. पण पुढचा भाग 'गती' नाही, तो आगेरे म्हणजे हाकणं, चालवणं. जहाज हाकणं म्हणजे नेव्हिगेट.

नुसतं सारखं ऐकू आलं म्हणून नातं जोडायचं नाही हे फार महत्त्वाचं. फारसीतला 'बद', जो आपल्या बदनाम, बदसल्ला मध्ये आहे, आणि इंग्रजी बॅड, अर्थ एक, आवाज एक, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि खरं नातं असलं तरी अर्थ तोच राहील असं नाही. प्रोग्नोसिस आणि प्रज्ञा, उपसर्ग भावंडं, धातू भावंडं, पण प्रज्ञा म्हणजे बुद्धी आणि प्रोग्नोसिस म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा डॉक्टरांचा अंदाज. नातं आठवणीसाठी वापरायचं, अर्थासाठी डिक्शनरीच उघडायची.


वाचन_नेरूळ

वरचं सगळं आवडलं पण एक बाजू राहतेय ती लिहितो, कारण जीआरई देणाऱ्या मुलांचं यात नुकसान होताना बघितलंय. रूट कळला म्हणजे शब्द कळला असं नाही. एनर्व्हेट हा शब्द घ्या. आत नर्व्ह दिसतो, एनर्जी सारखा वाटतो, दहातले आठ जण म्हणतील उत्साह देणं. अर्थ बरोबर उलटा आहे, शक्ती काढून घेणं, गळपटवणं. इन्फ्लेमेबल मधला इन नकाराचा नाही, ते पेट घेणारंच असतं, इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही तर अनमोल. पेडेस्ट्रियन मधला पेड म्हणजे पाय, पण पेडियाट्रिशियन मधला पेड ग्रीक आहे, मूल, त्याचा पायाशी काही संबंध नाही. आणि पेडेस्ट्रियन हे विशेषण म्हणून आलं तर अर्थ होतो रटाळ, काही खास नसलेलं, आणि जीआरईला तोच विचारतात, फुटपाथवरचा माणूस विचारत नाहीत.

परीक्षा पण बदललीये. पूर्वी अँटोनिम आणि ॲनालॉजी असायचे, तिथे नुसता अर्थ पुरायचा. २०११ च्या ऑगस्टपासून ते गेले. आता टेक्स्ट कम्प्लिशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स असतात, म्हणजे शब्द वाक्यात बसतो का ते बघतात. दोन-तीन गाळलेल्या जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्या तरच मार्क, अर्धे मार्क नाहीत. सप्टेंबर २०२३ पासून पेपर छोटा झालाय, व्हर्बलचे एकूण २७ प्रश्न, ४१ मिनिटं. तिथे बसून शब्दाची फोड करायला वेळ नसतो, वाक्य वाचता वाचता शब्द कळायला हवा.

त्यासाठी शब्दाची सोबत माहीत हवी. ॲब्रोगेट कोणासोबत येतो? ट्रीटी, लॉ, राइट्स, रिस्पॉन्सिबिलिटी. मीटिंग ॲब्रोगेट करता येत नाही, मीटिंग कॅन्सलच करायची. मराठीत पण हेच आहे. करार मोडतो, उपास पण मोडतो, पण नियम मोडला तर वेगळं आणि लग्न मोडलं तर वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून आलंय. इंग्रजीत ते वाचूनच येणार.

आणि शब्दाचा दर्जा पण बघावा लागतो. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, पुढे विद्वानांनी लॅटिन शब्द आणले, म्हणून एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द झालेत. किंगली, रॉयल, रीगल. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. फिअर, टेरर, ट्रेपिडेशन. पहिला घरातला, शेवटचा पुस्तकी. आपल्याला हे पटकन कळायला हवं कारण आपण पण घर, गृह आणि सदन असे तीन ठेवलेत, बिल्डिंगच्या पाटीवर सदन असतं पण आई म्हणते घरी ये. अवघड शब्द दिसला की विचारा, हा घर आहे का गृह आहे का सदन आहे.

पॉल नेशन नावाचे या विषयातले मोठे संशोधक आहेत, त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की इंग्रजी कादंबरी किंवा पेपर ९८ टक्के शब्द समजून वाचायचा असेल तर साधारण ८ ते ९ हजार वर्ड फॅमिली लागतात. शब्द नाही, फॅमिली, म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. एवढ्या कुठल्याच लिस्टमधून येत नाहीत. म्हणून रोज एक चांगला इंग्रजी लेख, सायन्स, इतिहास, कला काहीही, पण पूर्ण वाच. ठाण्याला येतेसच तर उतरल्यावर क्लासच्या आधी थोडा वेळ लायब्ररीत बस. ठाण्याला वाचनाची फार जुनी सवय आहे, इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे.


घोडबंदर_पीओ

मी बँकेच्या परीक्षा दिल्या, त्याआधी एसएससीचा (स्टाफ सिलेक्शनचा, दहावीचा नव्हे) पण अभ्यास केला होता, तिथे सिनोनिम, अँटोनिम, वन वर्ड सब्स्टिट्यूशन डायरेक्ट विचारतात त्यामुळे माझी पद्धत थोडी त्या अंगाने आहे, पण जीआरईला पण चालेल असं वाटतं. थिअरी वर सगळ्यांनी सांगितलीच आहे मी फक्त वही कशी ठेवायची ते सांगतो कारण सगळं तिथेच ठरतं.

एक पान एक फॅमिली. पानाच्या मध्ये रूट लिहायचाच नाही, मॅडम म्हणाल्या तसं मध्ये आपल्याला पक्का येणारा शब्द लिहायचा. म्हणजे 'स्पेक' ला मध्ये स्पेक्टॅकल्स, चष्मा, बघणं. मग आजूबाजूला इन्स्पेक्टर, इंट्रोस्पेक्शन म्हणजे आत बघणं, रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून बघणं, सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूबाजूंनी बघून पाऊल टाकणारा, सावध. कॉन्स्पिक्युअस सहज डोळ्यात भरणारा, पर्स्पिकेशस म्हणजे आरपार बघणारा, तल्लख. ऑस्पिशस पण इथेच येतो, रोमन लोक पक्षी बघून शकुन काढायचे, एविस म्हणजे पक्षी. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य, आणि ते वाक्य स्वतः बनवायचं नाही सुरुवातीला, जिथे वाचलं तिथलंच उतरवायचं, नाहीतर आपण मराठी वाक्य इंग्रजीत घालतो आणि चुकीची सोबत पक्की होते.

पानावर नवीन शब्द एकदम भरायचे नाहीत. आज दोन, पुढे कधी पेपरात तिसरा भेटला की त्याच पानावर जाऊन लिहायचा. पान हळूहळू भरत गेलं की ते लक्षात राहतं, एका बैठकीत भरलेलं पान परत लिस्टच होते.

प्रत्यय पण सोडू नका, फुकटचे मार्क आहेत त्यात. 'एशस' वाल्याचं नाम 'ॲसिटी' होतं. टेनेशस टेनॅसिटी, ऑडेशस ऑडॅसिटी, मेंडेशस मेंडॅसिटी म्हणजे खोटारडेपणा. व्होरेशस आणि व्हेरेशस मध्ये गोंधळ होतो त्यावर उपाय, व्होरेशस कार्निव्होर बरोबर ठेवायचा, खाणारा, आणि व्हेरेशस व्हेरिफाय बरोबर, खरा.

रिव्हिजनला अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप वापरा, अँड्रॉइडला फ्री आहे. पण कार्डवर एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका आणि शब्दाच्या जागी गाळलेली जागा. जे कार्ड येतं ते लांबच्या तारखेला जातं, जे चुकतं ते लगेच परत येतं. आपण किती भराभर विसरतो यावर जर्मनीत एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोग छापले होते, विसरायच्या जरा आधी परत बघितलं की ते जास्त टिकतं, एवढंच तत्त्व आहे. वही समजण्यासाठी आणि अँकी टिकण्यासाठी, दोन्ही लागतात.


खैरणे_लोकल (कोपरखैरणे)

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, धातुरूप सर, नेरूळचे काका, पीओ दादा, सगळ्यांना मनापासून थँक्यू. संधीचं वाचून तर इतकं बरं वाटलं, सज्जन-उल्लेख मी दहावीला केलंय, ते इथे लागू होईल हे कोणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री वही केली आणि पहिलं पान 'रोग' चंच घेतलं.

दोन प्रश्न राहिलेत. एक, सुरुवात किती आणि कुठल्या फॅमिलीपासून करू, कारण नेरूळच्या काकांनी ८-९ हजार म्हटल्यावर पोटात गोळा आला. दुसरा, सीड वाल्या शब्दांचं काय करायचं? प्रिसीड, प्रोसीड, सक्सीड, कन्सीड, सुपरसीड, अर्थ पण जवळजवळचे आणि स्पेलिंग तर तीन प्रकारची आहेत.


नौपाडा_मॅडम (ठाणे पश्चिम)

घाबरू नकोस गं, त्यातल्या कितीतरी हजार तुला आत्ताच येतात, इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीतच वाचतेस की. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट केली, कुठल्याही विषयाच्या अभ्यासाच्या पुस्तकात येणाऱ्या ५७० फॅमिली. ती नेटवर फुकट आहे. आधी ती चाळ, जे येतं त्यावर काट मार, जे येत नाही तिथून वही सुरू कर. जीआरईचे दुर्मीळ शब्द त्याच्यानंतर. शब्दाचा इतिहास बघायला एटिमॉनलाइन साइट आहे, ती पण फुकट.

आता सीड. लॅटिन सेडेरे, सी ने सुरू होणारं, म्हणजे जाणं किंवा वाट सोडून देणं. प्रिसीड आधी जाणं. रिसीड मागे जाणं, पुराचं पाणी ओसरतं तेव्हा हाच शब्द येतो. कन्सीड म्हणजे समोरच्याला वाट देणं, मान्य करणं. सिसीड, 'से' म्हणजे वेगळं, फुटून बाहेर पडणं, एखादं राज्य देशातून बाहेर पडलं तर. इंटरसीड म्हणजे कोणासाठी मध्ये पडणं, रदबदली करणं. ॲक्सीड म्हणजे मागणी मान्य करणं, आणि धातुरूप सरांनी सांगितलेला डबल सी इथे बघायला मिळेल. प्रिडिसेसर, अँटिसिडंट याच घरातले. इन्सेसंट पण इथलाच, न थांबणारा, जुलैमध्ये इंग्रजी पेपर उघडलास की इन्सेसंट रेन्स असतंच.

स्पेलिंगला नियम सोपा आहे. डबल ई फक्त तिघांना, एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. बाकी बहुतेक सगळ्यांना सी-ई-डी-ई. आणि एस-ई-डी-ई हे एकट्या सुपरसीडला, कारण तो या घरातला नाहीच. तो दुसऱ्या सेडेरे वरून आला, एस ने सुरू होणारं, म्हणजे बसणं. वर येऊन बसणं, म्हणजे जुन्याची जागा घेणं. नवीन जीआर आला की जुना सुपरसीड होतो. सेडेंटरी म्हणजे बैठं काम, सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ, हे त्याचे सख्खे. आणि आपल्याकडे सद् धातू आहे, बसणं, त्यावरून संसद आणि परिषद, तो यांचा भाऊ, हे धातुरूप सर जास्त चांगलं सांगतील.

एक जोडी मात्र आजच वहीत लिही, कारण ऐकताना आणि लिहिताना दोन्हीकडे घोटाळा होतो. प्रेसिडंट, सी वाला, म्हणजे पूर्वीचा दाखला, कोर्टात देतात तो, आधी गेलेला. आणि प्रेझिडंट, एस वाला, सगळ्यांच्या पुढे बसलेला, आपला अध्यक्ष. आणि प्रोसीडला डबल ई असला तरी प्रोसीजर लिहिताना सी नंतर एकच ई येतो, तिथे भलेभले डबल लिहून येतात.